साखरेवर बसलेला बर्फ

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. डोंगरावर नुसता गुडघाभर बर्फ आहे. मग तो घसरून कोसळण्याची, म्हणजे हिमस्खलनाची भीती कमी की जास्त? "कमी!" असं पटकन तोंडात येतं ना? थांबा जरा.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या उंच रांगा आहेत. तिथं ऑक्टोबरमध्येच बर्फ पडू लागतो आणि हौशी मंडळी पायांत 'स्नो-शू' बांधून भटकायला निघतात. पूर्वी लाकडी चौकटीत चामड्याच्या वाद्या विणून हे स्नो-शू करत. दिसायला थेट टेनिसची रॅकेट! चिखलावर फळी टाकली की पाय रुतत नाही, तसंच हे. अंगाचा भार मोठ्या जागेवर पसरतो.

पण या सुरुवातीच्या बर्फात एक खोडी असते. बर्फाखालच्या जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते. तिथलं तापमान शून्य अंशाच्या आसपास. वर मात्र निरभ्र रात्री कडाक्याची थंडी. थर जाड असता तर हा फरक हळूहळू वाटला गेला असता. थर पातळ, म्हणून थोड्याशा जाडीत मोठा फरक! दर १० सेंटिमीटरला सुमारे १ अंशाहून जास्त फरक पडला, की बर्फातली वाफ खालून वर सरकते. एकमेकांना चिकटलेले कण मग सुटे, कंगोरेदार होतात. हातात घेतले तर साखरेसारखे ओघळतात.

पुढे वादळ येतं. वाऱ्यानं आणलेला नवा बर्फ त्या साखरेवर लादीसारखा घट्ट बसतो. वरून सगळं कसं छान, पांढरंशुभ्र! पण खालचा थर ढासळायला एका माणसाचं वजनही पुरतं. लादी तडकते आणि उतारच्या उतार खाली धावतो. स्नो-शू पाय रुतू देत नाहीत, पण यातून वाचवू शकत नाहीत.

घरी करून बघा. पाटावर जाडसर कापड अंथरा, त्यावर साखर पसरा, वर पिठाचा थर हलक्या हातानं दाबा. आता पाट एका बाजूनं हळूहळू उचला. काय झालं?

डोंगर आधी इशाराही देतो. पावलाखाली 'धप्प' असा आवाज आला, बर्फात लांब भेग धावली किंवा शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसली, तर मागे फिरावं. बहुतेक घसरणी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. घरातला जिना साधारण तेवढाच चढा असतो! सपाटीवरून चालतानाही डोक्यावर असा उतार नाही ना, हे पाहावं लागतं.

"अमेरिकेतलं आपल्याला काय त्याचं?" असं म्हणू नका. आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली गिर्यारोहण शिकायला हिमालयात जातात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा' शिखराजवळ हिमस्खलन झालं. त्यात पंचवीसहून अधिक जणांचा जीव गेला, आणि त्यातले बहुतेक शिकाऊ गिर्यारोहक होते. हिवाळा तर अजून यायचाच होता.

बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं, तर वाचण्याची आशा बरीच असते. पुढे ती झपाट्यानं मावळते. म्हणून जाणकार मंडळी संदेश देणारं छोटं यंत्र, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडं प्रत्येकाजवळ ठेवतात आणि त्या दिवसाचा अंदाज वाचल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

आई-बाबांनो, मुलांना शिबिराला पाठवताना "बर्फ किती आहे?" एवढंच विचारू नका. "खालचा बर्फ कसा आहे, आणि तो कोण तपासतं?" हेही विचारा.