वाइन नको, चाखणं घ्या

लखनौच्या मेसमध्ये मराठी अधिकारी दिसला की हल्ली नाशिकच्या वाइनचा विषय निघतो. माझं मत सरळ आहे. नाशिक वाइन करायला शिकलं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते बाग दाखवायला शिकलं. ही विद्या लखनौशेजारच्या मलिहाबादला जास्त शोभेल.

नाशिकच्या वाइनची 'परंपरा' म्हटलं की मला गंमत वाटते. सुला १९९९ ची, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. तेव्हा मी खडकवासल्याला एनडीएत कॅडेट होतो. म्हणजे या परंपरेची सर्व्हिस माझ्याएवढीच! तरी लोक येतात, कारण त्यांना वेलीपर्यंत जाऊ देतात. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे ऐन थंडीत पाहुणा येतो तेव्हा घड वेलीवर असतात, समोर गंगापूर धरणाचं पाणी. टाक्या दाखवून चार ग्लासांत घोट घोट देतात आणि त्याचे पैसे घेतात.

आता इथलं बघा. छावणीतून काकोरीमार्गे मलिहाबाद तासाभरावर. याच पट्ट्यात १९२५ च्या रेल्वे मोहिमेचं काकोरी, आंब्याला नाव देणारं दशहरी गाव आणि तिथलं मूळ झाड. पुढे जोश मलिहाबादींचं जन्मगाव. एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींची कलमं बांधणारे पद्मश्री कलीमुल्ला खानही तिथलेच. एवढा ऐवज नाशिकच्या कुठल्या वायनरीकडे आहे? पण जूनमध्ये लखनौकर रस्त्याकडेला गाडी थांबवतो, भावावरून हुज्जत घालतो, पेटी डिकीत टाकतो आणि परततो. बागेत पाऊलही टाकत नाही.

दशहरीचा हंगाम थोडक्या आठवड्यांचा. सगळ्यांचा माल एकदम उतरतो, भाव पडतो आणि पिकलेलं फळ कुणासाठी थांबत नाही. बागवानाला फळाखेरीजही काही विकता आलं पाहिजे.

त्यासाठी बाटली लागत नाही. सुपरमार्केटात वाइन ठेवायच्या निर्णयावर २०२२ मध्ये महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! मलिहाबादच्या कितीतरी घरांत तर दारूचा विषयही निघायचा नाही. नाशिककडून फक्त चाखणं घ्यावं. दशहरी, लखनवी सफेदा, चौसा यांच्या फोडी शेजारी शेजारी ठेवा आणि फरक बागवानाच्या तोंडून ऐकवा. सगळे एकदम पिकत नाहीत, म्हणजे पाहुण्याला दोनदा यावं लागेल. उत्तमच! फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहोर दाखवा, पावसाळ्यात कलम बांधायला बसवा.

फक्त तिकिटाचे पैसे बागवानाच्याच हातात पडावेत. नाशिकच्या बाटलीवर कंपनीचं नाव असतं, करारावर द्राक्षं पिकवणाऱ्याचं सहसा नसतं. इकडे तर मोहोरावरच बहार ठेकेदाराला विकायची रीत आहे. आधीच नियम केला नाही, तर फाटकाशी तिकीट फाडायलाही तोच बसेल.