चौथ्या खेळीचा हिशेब

मुलाकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या माणसाने काय लिहावं, याचे आपल्याकडे काही संकेत ठरून गेले आहेत. तिथले रस्ते, तिथली शिस्त, तिथले एकटे म्हातारे. मी मात्र फुटबॉलविषयी लिहिणार आहे. आणि तोही आपला फुटबॉल नव्हे, तर ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो तो त्यांचा.

मुलगा बाल्टिमोरजवळ राहतो. २८ जानेवारी २०२४ च्या रविवारी त्याच्या दिवाणखान्यात दहाबारा माणसं जमली होती. त्यात तीन मराठी घरं, आणि जांभळी जर्सी घातलेले शेजारचे एक निवृत्त गृहस्थ. गावचा संघ रेव्हन्स कॅन्सस सिटीच्या चीफ्सकडून १७-१० असा हरला. सामना संपला आणि खरा सामना सुरू झाला. "बाबा, वर्षभर चेंडू घेऊन पळाले म्हणून जिंकले, आणि आजच पळायचं विसरले!" इति चिरंजीव. तक्रार अगदीच खोटी नव्हती. त्या मोसमात धावून यार्ड मिळवण्यात रेव्हन्स सगळ्या संघांत पहिले होते. त्या दिवशी मात्र चेंडू घेऊन पळणं हेच ज्यांचं काम, त्या खेळाडूंच्या हाती तो अवघा सहा वेळा दिला गेला. शेजाऱ्यांचं म्हणणं, हे प्रशिक्षक भित्रे असतात. तिसऱ्याचं म्हणणं, क्वार्टरबॅकने मुळी पळूच नये, जागेवर उभं राहून चेंडू फेकावा. वाद जेवणाच्या पानापर्यंत चालला.

खेळ न कळणाऱ्या वाचकांसाठी दोन ओळी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार खेळ्यांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले, की पुन्हा चार खेळ्या. तीन खेळ्या संपल्या आणि दोन यार्ड उरले, तर काय करायचं? चौथी खेळी खेळून फसली, तर चेंडू तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्याला मिळतो. म्हणून रिवाज असा, की चौथ्या खेळीला चेंडू लाथेने लांब उडवून द्यावा. गोल जवळ असेल तर खांबांमधून मारून तीन गुण घ्यावेत. सुरक्षित, सभ्य आणि सर्वमान्य.

डेव्हिड रोमर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने २००६ साली या रिवाजाचाच हिशेब मांडला. त्याचा निष्कर्ष असा, की जिथे चौथी खेळी खेळणं फायद्याचं असतं, अशाही बहुतेक वेळा संघ चेंडू लाथाडून मोकळे होतात. हुशार, लाखो डॉलर पगार घेणारी माणसं असं का करतात? हे कळायला मला अर्थशास्त्र लागलं नाही. मी आयुष्यभर बँकेत होतो.

१५ नोव्हेंबर २००९ ला इंडियानापोलिसमध्ये पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक ३४-२८ असे पुढे होते. दोन मिनिटं उरलेली, स्वतःच्याच २८ यार्डांवर चौथी खेळी, हवेत दोन यार्ड. त्यांनी खेळी खेळली. ती किंचित कमी पडली आणि सामना ३५-३४ असा गेला. तीन वेळा सुपर बोल जिंकलेल्या या माणसाला लोकांनी दुसऱ्या दिवशी वेड्यात काढलं. चेंडू लाथाडून ते हरले असते, तर कुणी नावही घेतलं नसतं. उलट ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाचे डग पीडरसन यांनी एका यार्डावरून हुकमी तीन गुण सोडले आणि चौथ्या खेळीत चक्क क्वार्टरबॅककडेच चेंडू फेकायला लावला. डाव साधला, संघ ४१-३३ ने जिंकला, आणि त्या खेळीचा पुढे पुतळा झाला. तो चेंडू हातातून सुटला असता, तर?

आता माझी गोष्ट. १९९३ साली कोल्हापूरजवळच्या एका शाखेत मी शाखाधिकारी होतो. एक टर्नर आला. जुनी लेथ विकत घेऊन स्वतःचं वर्कशॉप टाकायचं होतं. हात कसबी, कामाची ऑर्डर खिशात, तारण मात्र काही नाही. रक्कम माझ्या अधिकारातली होती. दोनदा त्याच्या खोपटात जाऊन त्याचं काम बघून आलो. आणि तरीही प्रकरणावर शेरा मारला, 'तारण अपुरे'. कारण हिशेब सरळ होता. दिलेलं कर्ज बुडालं, तर खुलासा, मेमो, बढतीला खीळ. न दिलेलं कर्ज कुठल्याच ऑडिटमध्ये दिसत नाही. चेंडू लाथाडला की जबाबदारी संपली! पंधराएक वर्षांनी तो भेटला, दुसऱ्याच्या कारखान्यात त्याच लेथवर. "साहेब, तुमचेही नियम होतेच की," एवढंच म्हणाला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जोखीम घेतली की शहाणपण सिद्ध होतं का? इथेच दिवाणखान्यातला दुसरा वाद आठवतो, पळणाऱ्या क्वार्टरबॅकचा. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू, आणि मेंदूने जागा सोडू नये, हा जुना समज. त्यात एक विषारी पोटसमज असा, की काळ्या मुलाला पाय असतात, मेंदूचं काम त्याला झेपत नाही. वॉरन मून १९७८ साली अमेरिकेत क्वार्टरबॅक म्हणून वाव दिसेना म्हणून कॅनडात गेला, एडमंटनसाठी पाच ग्रे कप जिंकून परतला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. रेव्हन्सच्या लमार जॅक्सनला २०१८ मध्ये बिल पोलियन यांच्यासारख्या जाणत्या माणसाने सल्ला दिला, की तू चेंडू फेकू नकोस, झेलायला लाग. २०१९ मध्ये तो १,२०६ यार्ड धावला, क्वार्टरबॅकसाठी तो विक्रम होता. आणि गोलाचे सर्वाधिक पासही त्याचेच. पोलियन यांनी चूक कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. ६ जानेवारी २०१३ ला मेरिलँडमधल्याच लँडओव्हरच्या मैदानावर वॉशिंग्टनचा नवखा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन दुखऱ्या गुडघ्याने उतरला. पहिल्याच सत्रात तो लंगडू लागला होता. तरी त्याला चौथ्या सत्रापर्यंत खेळवलं, आणि अखेर गुडघा गेला. तो मुलगा पुन्हा पूर्वीसारखा पळाला नाही.

म्हणजे गंमत पाहा. चौथ्या खेळीला, जिथे स्वतःची नोकरी पणाला लागते, तिथे हा पेशा सावध असतो. दुसऱ्याचा गुडघा पणाला लागतो, तिथे धीट. आमच्या धंद्यात तरी वेगळं काय होतं? टर्नरला तारण मागणाऱ्या याच व्यवस्थेने बड्यांना हात सैल सोडून दिले, आणि २०१५ नंतर थकीत कर्जांचे डोंगर उघडे पडले, तेव्हा त्यात मोठा वाटा त्या बड्यांचाच निघाला.

सावधपणा वाईट नाही. ठेवीदाराचा पैसा सांभाळणारा सावधपणा हा धर्मच आहे. पण सावधपणाचे दोन प्रकार आहेत. एक, आपल्यावर सोपवलेलं जपतो; दुसरा, आपली खुर्ची जपतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोघांनाही 'अनुभव' असं भारदस्त नाव मिळतं. घरातही तेच. मुलीला 'ही वाट नको' म्हणताना आपण तिला जपत असतो, की उद्या चारचौघांत होणाऱ्या आपल्या फजितीला?

अलीकडे तिकडचे प्रशिक्षक चौथी खेळी पूर्वीपेक्षा बरीच जास्त खेळू लागले आहेत. हिशेब पटला म्हणून असेल, किंवा आता सगळेच खेळतात, मग एकट्यावर ठपका येत नाही म्हणूनही असेल. माझा बँकेतला अनुभव दुसऱ्या कारणाकडे झुकतो.

त्या रात्री वाद संपवून सगळे पांगले. मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही काय केलं असतं?" मी म्हटलं, "चेंडू लाथाडला असता." तो हसला. त्याला वाटलं, मी फुटबॉलबद्दल बोलतोय.