त्यांच्यात तसंच असतं!

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपणा मराठी माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. शेजारी हिंदी बोलणारा असो, उर्दू बोलणारा असो की कानडी, त्याच्या घरातले काही खटकले की आपण मान हलवून म्हणतो, "जाऊ द्या हो, त्यांच्यात तसंच असतं!" भोपाळच्या शिक्षकी पेशात गेली पंचवीस वर्षे मी हे वाक्य ऐकतो आहे. विद्वानांनी त्याला 'सांस्कृतिक सापेक्षतावाद' असे भारदस्त नाव दिले आहे. प्रत्येक संस्कृतीचे बरे-वाईट तिच्यापुरते. परक्याने आपला तराजू तिथे नेऊ नये, असा त्याचा मथितार्थ. ऐकायला मोठे उदार वाटते. पण हे औदार्य पुष्कळदा दुसऱ्याच्या दुःखातून अंग काढून घेण्याची सोय असते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मला या गावानेच शिकवले आहे.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयात काय युक्तिवाद झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. खटला अमेरिकेत चालवा, अशी मागणी खुद्द भारत सरकारची होती. त्यावर कंपनीने १९८५ साली लेखी म्हणणे मांडले. कारखान्याभोवतीच्या झोपड्यांतले दारिद्र्य आणि तिथल्या लोकांची मूल्ये, अपेक्षा इतक्या निराळ्या आहेत की, अमेरिकन मूल्यांत वाढलेल्या ज्यूरीला त्यांच्या नुकसानीचे मोल ठरवणे अशक्य आहे, असा त्याचा आशय होता. म्हणजे काय? त्यांच्यात तसंच असतं! १२ मे १९८६ रोजी न्यायमूर्ती कीनन यांनी खटला भारताकडे धाडला. अमेरिकेने आपली मूल्ये विकसनशील देशावर लादणे हा साम्राज्यवाद होईल, असेही त्यांनी निकालात लिहिले. आमच्या संस्कृतीचा केवढा हा मान! १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक जखमींच्या हाती आधी पंचवीस हजार रुपये आणि २००४ नंतर पुन्हा तेवढेच पडले.

त्याच मे महिन्यात दिल्लीत आणखी एक सन्मान पार पडला. आमच्याच राज्यातल्या, इंदूरच्या शाहबानो या वृद्धेला वकील नवऱ्याने १९७८ मध्ये तलाक दिला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तिला महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी ती कायम केली. गदारोळ उठला, आणि कीनन यांच्या निकालानंतर आठवड्याच्या आत संसदेच्या नव्या कायद्याने त्या निकालाची धार बोथट केली. कारण काय, तर त्यांचा व्यक्तिगत कायदा. आपण कोण बोलणार! २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा उदार अर्थ लावून घटस्फोटितांना आधार दिला खरा. पण तोवर पंधरा वर्षे गेली होती.

यावर प्रश्न येतो, "हे त्यांचे दोष काढणे झाले. आपले काय?" रास्त प्रश्न आहे. म्हणून आपलेच घेऊ. १८८७ मध्ये मुंबईच्या रखमाबाईंना न्यायालयाने सुनावले की, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. त्या वादात 'केसरी' त्यांच्या विरुद्ध होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले, तेव्हाही परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे लोकमान्यांचे म्हणणे होते. ही शंका पोकळ नव्हती. राज्य करणारा सुधारणेच्या निमित्ताने आपली हुकमत वाढवतो, हे खरेच. परंतु त्या सगळ्या वादात दहा वर्षांच्या पोरीला कोणी विचारले?

खरी मेख इथे आहे. संस्कृती एका तोंडाने बोलत नाही. रखमाबाई त्याच संस्कृतीच्या होत्या आणि 'एक हिंदू स्त्री' या नावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून त्यांनी बालविवाहावर कोरडे ओढले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, तोही तोंडी तलाकाविरुद्ध. त्या सातजणींची संस्कृती कोणती मानायची? आमच्या भोपाळच्या रशीदाबी आणि चंपादेवी शुक्ला यांनी कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळवला. "त्यांच्यात तसंच असतं" म्हणताना आपण 'त्यांच्यातला' नेमका कोण ऐकतो? बहुधा पंच, वडीलधारे, वकील. ज्याच्या पाठीवर वळ उठतो, त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतच नाही.

तेव्हा न्याय करावा. पण दोन पथ्ये पाळून. आधी सोसणाऱ्याला विचारावे. आणि तराजू एकच ठेवावा. आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, असे होता कामा नये.

नववीतली मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली नाही आणि तिचे लग्न ठरल्याचे कळले, की मी तिच्या घरी जातो. जात, धर्म विचारत नाही. "सर, हमारे यहाँ ऐसा ही होता है," असे बाप म्हणतो. मी ऐकून घेतो, मुलीशी बोलतो आणि अठरा वर्षांचा कायदा सांगतो. पण मग त्या बापालाही मला विचारण्याचा हक्क आहे. तुमच्या मराठी घरांतल्या हळदीकुंकवाला विधवा भावजय का नसते, असे उद्या त्याने विचारले, तर वाचकहो, तुम्ही-आम्ही काय उत्तर देणार? "आमच्यात तसंच असतं" हे उत्तर त्याच्याकडून मी घेतलेले नाही. त्याने ते माझ्याकडून का घ्यावे?