‘चालतंय ना?’ एवढ्यावर भागत नाही

चालत्या यंत्राला हात लावू नये, हा आपल्या कार्यालयांतला अलिखित नियम. लिनक्सवर बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम वापरणाऱ्यांनी मात्र तो मोडलेलाच बरा.

फाईल सिस्टीम म्हणजे डिस्कचे तलाठी दप्तर. कोणता फोटो, कोणते पत्र डिस्कवर नेमके कुठे आहे, याची नोंद तिथे असते. ती बिघडली की फोटो जागेवर असूनही सापडत नाही.

बीटीआरएफएसचे काम ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकल कंपनीत सुरू केले आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाली. जुन्या मजकुरावर न लिहिता नवी प्रत वेगळ्या जागी लिहायची, चेकसमने मजकूर तपासत राहायचे, क्षणात स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीची प्रतिमा, घ्यायचा, अशी तिची ऐट. लिनक्स पुरवणाऱ्या सुसे कंपनीने २०१४ मध्ये तिला आपल्या एंटरप्राइझ १२ मध्ये मानाचे स्थान दिले. तशाच रेड हॅट कंपनीने २०१७ मध्ये तिच्याकडे पाठ फिरवली. त्याच रेड हॅटच्या पाठबळावर चालणाऱ्या फेडोराने २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी तिचीच निवड केली, ही त्यातली गंमत.

हा वरवरचा विरोधाभास आहे. एकच कर्नेल वर्षानुवर्षे जपायचा आणि निवडक दुरुस्त्या त्यात बसवत राहायच्या, ही रेड हॅटची रीत. फेडोरा सतत नवा कर्नेल घेते. बीटीआरएफएस कर्नेलमध्येच राहते, त्यामुळे तिच्यातल्या दुरुस्त्याही कर्नेलबरोबरच येतात. वेगाने बदलणाऱ्या अशा फाईल सिस्टीमला फेडोराचीच रीत मानवते.

म्हणून नवी आवृत्ती आली रे आली की ती बसवायची का? तसेही नाही. जुलै २०१९ मध्ये ५.२ हा कर्नेल आला. त्यातल्या एका चुकीमुळे काही वेळा डिस्कवर लिहायच्या नोंदी पूर्ण लिहिल्याच जात नसत. मशीन पुन्हा सुरू केल्यावर डिस्क माउंट होण्यास नकार देई. सप्टेंबरमध्ये ५.२.१५ मध्ये दुरुस्ती आली. ५.१ वर थांबलेल्यांना ही झळ लागली नाही. खरे फसले ते ५.२ घेऊन ‘चालतंय ना’ म्हणत तिथेच बसलेले. आणि याच ५.२ ने एक चांगली सोयही आणली: मेमरीतल्या दोषाने बिघडलेली नोंद डिस्कवर जाण्याआधीच पकडणारी तपासणी. एकाच आवृत्तीत रोगही आला आणि पहाराही! जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये ऑटोडीफ्रॅग हा पर्याय वापरणाऱ्यांच्या डिस्कवर अकारण लिहिणे वाढले, तेही पुढच्या छोट्या आवृत्त्यांनी आटोक्यात आणले.

मुरलेल्या फाईल सिस्टीमवाल्यांनी यावर हसू नये. डिसेंबर २०२३ मध्ये एक्स्ट४ या मुरलेल्या फाईल सिस्टीममधल्या दोषामुळे सावध म्हणून नावाजलेल्या डेबियनला १२.३ ही आवृत्ती ऐनवेळी रोखून थेट १२.४ द्यावी लागली.

तेव्हा दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नेलची मालिका निवडावी आणि तिची ताजी छोटी आवृत्ती बसवत राहावे. नव्या मालिकेला काही आठवडे मुरू द्यावे. बूट मेनूत जुना कर्नेल ठेवावा. डिस्क रुसलीच तर दुरुस्तीची साधनेही ताजी हवीत. घाबरून ‘चेक’ या तपासणीच्या आज्ञेला ‘रिपेअर’ जोडून चालवले की उरलेसुरलेही जाऊ शकते. अनेक डिस्क जोडण्याच्या रेड (RAID) ५ आणि ६ या पद्धतींपासून अजून दूरच राहावे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे.

आज टर्मिनल उघडून आपल्या कर्नेलचा आकडा बघा, त्या मालिकेत शेवटची आवृत्ती कोणती ते पडताळा. मागे असाल तर आधी दुसऱ्या डिस्कवर बॅकअप घ्या, मगच अपडेट करा.