गाडी ओरडते, पण ओढत नाही



एरंडोल तालुक्यातून एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. घरात जुनी, सेकंडहँड घेतलेली चारचाकी आहे. रिकामी असली की बरी चालते. चार माणसे बसली आणि चढ लागला, की इंजिन नुसते ओरडते, गाडी मात्र जागची हलत नाही. पेट्रोलही जास्त पिते. मिस्त्री म्हणतो, इंजिनाचे काम निघाले, खोलावे लागेल. पुढच्या महिन्यात बहिणीचे लग्न आहे. "खोलू का?" असे त्यांनी विचारले आहे.

भाऊ, खोलू नका. निदान आज तरी नाही. तुमच्या पत्रातच उत्तर अर्धे आले आहे. इंजिन थकलेले असते तर ते ओरडले नसते, दबून गेले असते. ज्याच्या अंगात जोर नाही तो आवाज तरी कुठून काढणार? तुमचे इंजिन जोर लावते आहे. तो जोर चाकापर्यंत पोचत नाही, एवढेच.

गावातली पिठाची गिरणी आठवा. पट्टा सैल झाला किंवा त्याला तेल लागले, की इंजिन भरधाव पळते आणि जाते मंदावते. गिरणीवाला इंजिन खोलायला बसतो का? आधी पट्टा पाहतो. गाडीत पट्ट्याच्या जागी क्लच आहे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरते, तिच्यावर क्लच प्लेट बसते, आणि प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने तिला दाबून धरते. ही पकड सुटली की प्लेट जागच्या जागी घसरते. गॅरेजवाले म्हणतात, क्लच स्लिप होतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचे होते. पारोळ्याकडून भडगाव, चाळीसगाव करत गेलो. गाडीत आम्ही पाच जण, आणि पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून मागे ज्वारीचे पोते. चाळीसगावपर्यंत सपाटीला काही कळले नाही. कन्नडचा घाट लागला आणि दोन वळणांतच इंजिन किंचाळू लागले. गाडी बैलगाडीच्या चालीवर आली, मागून ट्रकचे भोंगे सुरू झाले. जळका वास आला तेव्हा आई म्हणाली, "कोणी पऱ्हाट्या पेटवल्या वाटतं." जळत होती आमची क्लच प्लेट. त्या दिवशीचे ऑपरेशन हुकले ते हुकलेच.

खरे म्हणजे गाडीने आठ दिवस आधीच सांगितले होते. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगच्या चढाला टॉप गिअरमध्ये आवाज वाढला, वेग वाढला नाही. मी खालचा गिअर टाकला आणि विसरून गेलो. क्लच प्रथम असाच बोलतो, वरच्या गिअरमध्ये, ओझ्यावर, चढाला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो बराच काळ गप्प राहतो. म्हणून गल्लीत फेरी मारून "काही नाही, ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तपासायचे असे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चाळिसाच्या वेगात टॉप गिअरला आणावी आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग हातात हात घालून वाढले पाहिजेत. आवाज एकदम वर गेला आणि वेगाचा काटा तिथेच राहिला, तर क्लच घसरतो आहे. दोन्ही मंदच राहिले तर दोष दुसरीकडे शोधा. एअर फिल्टर चोंदला असेल, पेट्रोल पुरत नसेल, किंवा ब्रेक चिकटत असेल. ब्रेक चिकटला तर थोडे चालवून थांबल्यावर त्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागते. हात टेकवू मात्र नका.

मिस्त्री लोक आणखी एक परीक्षा घेतात. सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकांना पुढे-मागे दगड लावून, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकतात, थोडी रेस देऊन क्लच सोडतात. इंजिन लगेच बंद पडले तर पकड चांगली. चालूच राहिले तर गेली. हे एकदाच करावे, आणि गाडीच्या पुढे-मागे कोणी, विशेषतः पोरेबाळे, उभी नसावीत.

क्लच घसरतो म्हणजे प्लेट झिजलीच, असेही नाही. गाडीला क्लचची तार असेल तर पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला साधारण बोटभर ते हलके जावे, मग जड लागावे. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. प्लेट झिजत जाते तशी ही ढील कमी होते आणि पाय बराच वर आल्यावर गाडी पकड घेते. ढील अजिबात नसेल तर तुम्ही पाय काढला तरी तार क्लचला ओढूनच ठेवते. मग नवी प्लेटसुद्धा घसरेल. ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडल बहुधा ही खूण देत नाही, तिथे रस्त्यावरची परीक्षाच खरी.

दुसरे, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले आहेत तिथे खालून तेल ठिबकते का पाहा. सील गेले की तेल प्लेटवर येते. अशा वेळी सील न बदलता नुसती प्लेट टाकली तर पुन्हा तेच.

आपल्याकडे क्लच जास्त जातो तो काळ्या मातीत. पाऊस झाल्यावर केळीच्या बागेकडच्या वाटेत गाडी रुतते, आणि आपण हाफ क्लचवर पुढे-मागे, पुढे-मागे करत बसतो. पाच मिनिटांत प्लेट निळी-काळी होते. तिथे चाकाखाली पाचट नाहीतर गोणपाट टाका, ट्रॅक्टर बोलवा. काहींना पेडलवर पाय ठेवून चालवायची खोड असते. हे लिहिताना आमचे धाकटे चिरंजीव शेजारीच बसले आहेत.

गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेरिंग तिन्ही एकदम बदलावीत. मजुरी एकदाच पडते. फ्लायव्हील दाखवायला सांगा. जुनी प्लेट परत मागून घ्या. लायनर रिव्हिटच्या डोक्यांपर्यंत आले असेल तर ती झिजली होती; जाड पण तेलकट, चकचकीत असेल तर गुन्हेगार सील आहे. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक.

आता तुमचे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिले आहे की दिवाळीत क्लचची तार बदलली, आणि त्रास त्यानंतरचा. माझा संशय त्या तारेवर आहे. ती जास्त ताणून बसवली असावी. मिस्त्रीसमोर पेडलची ढील मोजा, तारेचा नट सैल करून माप बरोबर करा, मग चार माणसे बसवून एखादा छोटा चढ चढवून पाहा. एवढे दिवस घासून प्लेट जळली असेल तर ती बदलावी लागेल, पण इंजिन खोलायचे कारण दिसत नाही. काय निघाले ते कळवा, आणि लग्नाची तारीखही लिहा.