पाहणे हाही सरावच

एकच क्ष-किरण चित्र. नवख्याला त्यात धुरकट सावल्या दिसतात, अनुभवी डॉक्टरला आजार. डोळे प्रकाश टिपतात, अर्थ मेंदू लावतो, तोही सरावाने.

ठाण्यात १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ असलेले चित्रकार सुधीर पटवर्धन या दोन्ही जगांत वावरले. २००८ मध्ये त्यांनी समकालीन भारतीय कलेच्या फिरत्या प्रदर्शनाची मांडणी केली आणि ते मुंबईबाहेरच्या शहरांतही गेले. ‘आधुनिक चित्र कळत नाही’ या तक्रारीवर खरा इलाज हाच.

मात्र तो शहरांपाशी थांबू नये. बुलडाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावांतील शाळांपर्यंत अशी प्रदर्शने जायला हवीत. डोळ्याची आकृती पाठ करून घ्यायची आणि पाहायला शिकवायचे नाही, हे विज्ञानशिक्षण अर्धेच.