ट्रेकच्या बसच्या ड्रायव्हरला लायसन्स लागतं, मग ट्रेक लीडरला काय लागतं?

पावसाळा सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरच्या तरुणांच्या मोबाईलवर ट्रेकची पोस्टर्स फिरायला लागतात. शनिवारी रात्री क्रांती चौकातून बस, रविवारी पहाटे कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड. चहा, नाश्ता, जेवण आणि 'अनुभवी ट्रेक लीडर' सोबत.

बस चालवणाऱ्याकडे लायसन्स असावं लागतं, बसकडे फिटनेस सर्टिफिकेट. पण बस थांबल्यावर चाळीस जणांना धुक्यात, निसरड्या वाटेवर नेणारा तो 'अनुभवी' लीडर कोण असतो? त्याचा अनुभव कोणी तपासलेला असतो?

महाराष्ट्रात नियम आहेत का?

आहेत. २०१४ आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबद्दल शासन निर्णय काढले. त्यावर गिर्यारोहण क्षेत्रातून आक्षेपही आले. मग ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं नवं धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणचे उपक्रम त्यात येतात. ते चालवणाऱ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. संचालनालयाचं विभागीय कार्यालय संभाजीनगरातही आहे.

पण इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. नोंदणी होते ती आयोजकाची. प्रशिक्षक कसा असावा याचे निकष आहेत, पण ड्रायव्हरसारखा प्रत्येक लीडरच्या नावाचा परवाना नाही. त्यामुळे नोंदणी असलेल्या ग्रुपसोबत गेलात, तरी त्या रविवारी तुमच्यासोबत कोण येणार हे वेगळं विचारावंच लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शासन निर्णय हा विधिमंडळाने केलेला कायदा नसतो. नवा गुन्हा आणि त्याची शिक्षा ठरवायची तर कायदाच लागतो.

मग अपघात झाला तर?

पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लावू शकतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी माझ्या जबाबदारीवर येत आहे' असं लिहिलेल्या फॉर्मवर तुम्ही सही केली म्हणून आयोजक या गुन्ह्यातून सुटत नाही.

पण हे सगळं जीव गेल्यानंतरचं. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातल्या केरी पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक पर्यटक आणि पायलट दोघांचा मृत्यू झाला. उड्डाणं परवानगीशिवाय सुरू होती, असं पोलिसांनी सांगितलं आणि मालकावर गुन्हा दाखल झाला. परवानगी आहे का, हा प्रश्न चर्चेत आला तो दोन जीव गेल्यावर.

बाहेरच्या देशांत काय झालं?

मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे इथे कयाकिंगला गेलेली चार शाळकरी मुलं दगावली. केंद्रात सुरक्षिततेची आबाळ होत असल्याचं दोन प्रशिक्षकांनी काही महिने आधीच लेखी कळवलं होतं. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये कायदा आला. अठरा वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन गिर्यारोहण, जलक्रीडा, ट्रेकिंग, गुहाभ्रमण घडवणाऱ्यांना परवाना बंधनकारक झाला. परवाना देण्यापूर्वी शिकवणारी माणसं त्या कामाला लायक आहेत का, हेही पाहिलं जाऊ लागलं.

लीडरला सर्टिफिकेट सक्तीचं केलं की प्रश्न सुटेल?

इतकं सोपं नाही. गिर्यारोहणाचा मान्यताप्राप्त बेसिक कोर्स उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगसारख्या ठिकाणी होतो आणि जवळपास महिनाभर चालतो. मराठवाड्यातल्या नोकरदार तरुणाला एवढी सुट्टी आणि खर्च जमेलच असं नाही. शिवाय तिथे भर असतो बर्फावर. सह्याद्रीतले धोके वेगळे: धुकं, अचानक वाढणारं ओढ्याचं पाणी, निसरडा कातळ, आग्या मोहोळ आणि अरुंद वाटेवरची गर्दी. वीस-तीस वर्षं डोंगर फिरलेल्या, पण कागद नसलेल्या माणसाला बाद करायचं आणि फक्त कागद असलेल्याला पास करायचं, तर सुरक्षितता वाढणार नाही. सह्याद्रीला लागू पडेल असं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष डोंगरात घेतलेली परीक्षा, दोन्ही जवळपास मिळायला हवं.

आयोजकच नसेल, तर नोंदणीचा नियम पोहोचत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याचे सहा तरुण हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकले. पाऊस आणि थंडीत त्यातल्या एकाचा जीव गेला.

तिकीट म्हणजेही हमी नव्हे. देवगिरी किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट असतं, गौताळा अभयारण्यात वन विभागाची परवानगी लागते. ती प्रवेशाची असते, लीडरच्या पात्रतेची नाही.

पैसे भरण्याआधी काय विचाराल?

• पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? क्रमांक काय?
• प्रत्यक्ष लीडर कोण? त्याने कुठे शिक्षण घेतलं, हा ट्रेक किती वेळा आणि कोणत्या ऋतूत केला आहे?
• किती जणांमागे एक लीडर असेल? सगळ्यात मागे कोण चालेल?
• प्रथमोपचार कोणाला येतात? जवळचं रुग्णालय किती लांब आहे?
• लीडर रात्री बसमध्ये झोपणार आहे, की रात्रभर जागून पहाटे चढणार आहे?
• हवामान बिघडलं तर ट्रेक रद्द होईल का आणि पैसे परत मिळतील का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पैसे परत मिळणार नसतील, तर पाऊस वाढला तरी 'आता आलोच आहोत तर वर जाऊया' असा आग्रह आयोजकही धरतो आणि ग्रुपही. अशा वेळी 'इथूनच मागे फिरायचं' असं सांगणारा आणि चाळीस जणांची नाराजी अंगावर घेणारा लीडर लागतो. तो घडवण्याची आणि तपासण्याची व्यवस्था उभी राहीपर्यंत ही चौकशी ट्रेकला जाणाऱ्यांनाच करावी लागणार आहे.